माशीवर घेतलेला आळ

विमानाला हार कुठं घालायचा, यावर अर्धा तास वाद चालला होता. विमानाला मान नसते, हे आधी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"पंख्याला घाला," आबासाहेब म्हणाले.

"पंखा सुरू झाला की हाराची गोफण होईल," खिलारे मिस्त्री म्हणाले. "पुढं उभं राहणाऱ्यांना झेंडू लागेल."

"मग शेपटीला?"

"शेपटीला हार घालतात का कुठं?" गुरुजी म्हणाले. त्यांच्या पोथीत विमानाचं काहीच नव्हतं. त्यांनी सोयीसाठी ट्रॅक्टरचाच विधी धरला होता.

दसऱ्याचा दिवस होता. आबासाहेब थोपटे म्हणजे आमच्या भागातले अंडी-पिल्लांचे सगळ्यात मोठे व्यापारी. आयुष्यभर न उडणारे पक्षी विकलेल्या या माणसानं पन्नाशीत एक चार सीटचं, एका इंजिनाचं विमान घेतलं आणि माळावर स्वतःची धावपट्टी केली. ते चालवायला मला ठेवलं. मी तेवीस वर्षांचा होतो, लायसन्स नवं होतं आणि गाठीला दोनशे दहा तासांचं उड्डाण होतं. सगळे मला कॅप्टन म्हणत. मी कुणाला अडवत नसे.

दर दसऱ्याला आबासाहेब विमानातून सीमोल्लंघन करत. बाकीचं गाव चालत वेशीबाहेर जाऊन आपट्याची पानं आणायचं. आबासाहेब विजय मुहूर्तावर उडून नदी ओलांडायचे आणि वीस मिनिटांत परत यायचे. नदीपलीकडं दुसरा जिल्हा लागे. त्या वर्षी त्यांची थोरली बहीण, हौसाक्का, बरोबर येणार होती. वय चौऱ्याहत्तर. आदल्या दिवशी तिनं मला विचारलं होतं, "वर गेल्यावर चप्पल काढायची का रं?" मी म्हणालो, "काढायची, आक्का. देवाच्या जवळ जातोय आपण." ती खरंच अनवाणी आली होती.

मी असा होतो. कुठंही काहीतरी गंमत केल्याशिवाय मला राहवत नसे.

आता त्या नळीचं सांगतो. विमानाच्या डाव्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते. तिचं तोंड पुढं. उडताना समोरची हवा त्या भोकात शिरते आणि आतला काटा विमानाचा वेग दाखवतो. भोक बंद झालं तर काटा मेला. म्हणून जमिनीवर असताना नळीला एक कापडी टोपी घालतात, लांब लाल फीत लावलेली. ही टोपी म्हणजे खिलारे मिस्त्रींचा जीव की प्राण. हवाईदलात वीस वर्षं विमानं दुरुस्त करून आलेला माणूस. पूजेच्या दिवशी ते भल्या सकाळी टोपी घालायचे, पूजा संपेपर्यंत गुरुजींच्या हाताकडं लक्ष ठेवायचे आणि नंतर स्वतःच्या हातानं ती काढायचे.

"हळदीकुंकवाचं मला वावडं नाही," ते म्हणायचे. "पण विमानाला एवढंसंच नाक आहे."

त्या दिवशी हलगीवाले ऐन धावपट्टीवर जाऊन वाजवायला लागले, म्हणून मिस्त्री त्यांना हाकलायला गेले. तेवढ्यात पेपरचा फोटोग्राफर मला म्हणाला, "कॅप्टन, काहीतरी वेगळं द्या ना."

मी दिलं. टोपी काढली. नळीच्या टोकाला चांगलं बोटभर ओलं गंध लावलं, आणि भोकात उदबत्ती खोचली. एक सैल बसली म्हणून दोन खोचल्या. त्या भोकात त्या अशा बसल्या की ते भोक जणू त्याचसाठी केलं होतं. पंखाखालून आडवा धूर निघायला लागला. मी शेजारी हात जोडून, डोळे मिटून उभा राहिलो. लोक पोट धरून हसले. गुरुजीसुद्धा हसले. फोटो झाल्यावर मी उदबत्त्या उपटल्या, टोपी परत घातली आणि फीत होती तशी सोडली.

"दोन सतरा!" आक्काला घेऊन आत्ताच परत आलेल्या आबासाहेबांनी घड्याळ दाखवलं. "मुहूर्त दोन सतराचा आहे. चला, चला!"

उड्डाणाआधी पायलटनं विमानाभोवती फेरी मारायची असते. प्रत्येक वस्तू हात लावून, वाकून, बघून तपासायची असते. मी फेरी मारली, पण हात जोडून, तोंडानं पुटपुटत, प्रदक्षिणेसारखी. पुन्हा हशा झाला. मिस्त्री धापा टाकत हलगीवाल्यांकडून परत आले. त्यांनी टोपी काढली, फीत गुंडाळून खिशात घातली.

"कॅप्टन, नळीत बघितलंत?"

"बघितलं," मी म्हणालो.

ते तरीही वाकायला लागले. मग आबासाहेबांनी त्यांना खांद्याला धरून बाजूला सारलं, आणि आम्ही निघालो.

धावपट्टीच्या कडेला हलगी कडकडत होती. वेग घेताना काट्याकडं बघायचं, काटा हलला की मनाशी 'चालू' म्हणायचं, न हलला तर तिथंच ब्रेक मारायचा. हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी हलगीवाल्यांना सलाम ठोकत होतो. सलाम संपवून समोर बघितलं तेव्हा चाकं जमिनीवरून सुटली होती, आणि काटा शून्यावर झोपला होता.

होईल जागा, म्हटलं. वर गेलो.

नदीवर आलो तेव्हा आबासाहेब माझ्या शेजारी दोन्ही हात मांड्यांवर ठेवून राजासारखे बसले होते. मागं आक्का खिडकीला नाक लावून होती.

"हद्द कुठाय रं?"

"ही काय खाली, नदी. आता आपण पल्याडच्या जिल्ह्यात."

"आणि आपला बांध? भावकीचा?"

"तो वरून दिसत नाही, आक्का."

"दिसतच न्हाई?" तिनं थोडा वेळ शोधला. "मग एवढी वीस वर्षं कोर्टात कशापायी गेलो आबा आपण?"

 विषय बदलावा म्हणून आबासाहेबांनी मला विचारलं, "किती स्पीड आहे?"

"शंभर असेल."

त्यांनी बोटानं काच टकटकवली. "हितं तर शून्य दावतंय."

"ते जरा..."

"म्हणजे आपण उभं आहोत?"

"उभं असलो तर मला उतरू द्या की," मागून आक्का म्हणाली.

मी हसलो. माझं हसू मलाच ऐकू आलं आणि बंद झालं. कारण आता उतरायचं होतं. उतरताना वेग कमी पडला तर विमान दगडासारखं खाली येतं. जास्त झाला तर धावपट्टी संपून पुढं जातं. आमच्या धावपट्टीपुढं कालवा होता, काँक्रीटचा. आणि दोनशे दहा तासांत मी एकदाही त्या काट्याकडं न बघता उतरलो नव्हतो.

खाली फक्त एक माणूस रेडिओ घेऊन उभा होता.

"मिस्त्री," मी म्हणालो. "वेगाचा काटा बंद आहे."

पलीकडून आधी नुसती हलगी ऐकू आली. मग आवाज आला.

"कधीपासून?"

"उडाल्यापासून."

"उडाल्यापासून," ते म्हणाले. एवढंच. मग म्हणाले, "डोळे काढ त्याच्यावरून. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा चालू आहे ना?"

"आहे."

"एकवीसशेवर ठेव. समोरच्या काचेच्या खालच्या कडेवर हाताची चार बोटं आडवी धर. जमिनीची कड बोटांच्या वर दिसायला पाहिजे. दिसते?"

"दिसते."

"ते तुझं नाक. ते हलवू नकोस. बाकी मी ऐकतो."

इतक्या महिन्यांत त्यांनी मला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. मी त्यांच्या मुलापेक्षा लहान, तरी कायम 'कॅप्टन, तुम्ही.' तो 'तू' ऐकून मला रडू आलं आणि धीरही आला. दोन्ही एकाच वेळी झालं.

"इंजिनाच्या आवाजावर आणि वाऱ्याच्या शिटीवर मी सांगतो," ते म्हणाले. "पण आधी ही हलगी बंद करू दे."

पुढचं रेडिओवर ऐकलं. मिस्त्रींचा आवाज: "बंद करा! अरे बंद करा!" हलगीवाल्यांना वाटलं पाहुणे आले, जोर वाढवा. त्यांनी जोर वाढवला. मग काहीतरी धडपडल्याचा आवाज, कुणीतरी "अहो मिस्त्री, टिपरू द्या की आमचं!" असं ओरडलं, आणि एकदम शांतता.

"ये आता," मिस्त्री म्हणाले.

आलो. कालव्याच्या उलट्या बाजूनं, उसावरून.

"जास्त आहे," ते म्हणाले. "जास्त. शिटी वाजतेय तुझी. नाही, वर जा. वर जा पोरा! जोर दे!"

मी जोर दिला. धावपट्टी, माणसं, सगळे वर केलेले चेहरे खालून निघून गेले, आणि पाठोपाठ कालवा गेला. आबासाहेबांनी माझा दंड धरला होता. मागं आक्का देवीची आरती म्हणत होती, कडवी चुकवत.

"घाई नाही," कानात आवाज आला. "इंधन दोन तासांचं मी स्वतः भरलंय. दहा वेळा ये. मी इथंच आहे."

दुसऱ्या वेळी ते सगळा वेळ बोलत होते. पंधराशे ठेव. आता थोडं नाक वर. ऐकू येतंय, बरोबर आहे. बरोबर आहे. आता काही करू नकोस. आता जोर काढ. पूर्ण काढ. धरून ठेव. धरून ठेव.

विमान जमिनीला लागलं, उसळलं, लागलं, उसळलं, लागलं आणि राहिलं. कालव्याच्या अलीकडं, दगड मारला तर पोचेल एवढ्या अंतरावर थांबलं.

"तीनदा उतरलो," आक्का म्हणाली. "एकदाचं भाडं दिलंय म्हणावं."

लोक धावत आले. आबासाहेब उतरले, जमिनीला हात लावून डोक्याला लावला, आणि मला मिठी मारली. सगळ्या गावादेखत. विमानाला नसलेली मान मला होती, त्यामुळं सकाळचा तो हार अखेर माझ्या गळ्यात पडला. हलगी पुन्हा सुरू झाली.

खिलारे मिस्त्री माझ्याकडं आले नाहीत. ते सरळ डाव्या पंखाखाली गेले. गुडघ्यावर बसले, भोकाला डोळा लावला. खिशातून बारीक चिमटा काढला. वाळलेल्या गंधाचा खपला पडला, आणि पाठोपाठ बोटाच्या पेराएवढी एक काडी बाहेर आली. उदबत्तीच्या बुडाची, गुलाबी रंगाची.

उदबत्त्या उपटताना एक आखूड आली होती. मला दिसलं होतं. फोटोग्राफर पुढच्या फोटोसाठी हाका मारत होता, आणि टोपी घातली की काही दिसणार नव्हतं. म्हणून टोपी घातली.

मिस्त्रींनी काडीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग मूठ मिटली.

"काय निघालं?" आबासाहेब मागून आले.

"कॅप्टन सांगतील," मिस्त्री म्हणाले.

ते मला वाट करून देत होते. दारच उघडून धरलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, आणि मी शप्पथ सांगतो, ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण पुढच्या महिन्यात माझी एका मोठ्या विमान कंपनीत मुलाखत होती. आणि माझ्या गळ्यात हार होता. हार घालून असलं वाक्य बोलता येत नाही. काढून ठेवता आला असता, हे मला नंतर सुचलं.

"कुंभारीण माशी," मी म्हणालो. "चिखलाचं घर करते ती. बारीक भोक दिसलं की शिरते. विमानांना हा त्रास असतो."

हे मी इतक्या सहज म्हटलं, की मलाच ती माशी दिसली.

"माशी!" आबासाहेब म्हणाले. आजूबाजूला "माशी, माशी" झालं. कुणीतरी हसलंसुद्धा. मघाशी उदबत्त्यांवर हसलेल्यांना ती नळी कशाची, हे माहीतच नव्हतं. मला हायसं वाटलं. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. मी आळ माशीवर घेतला होता आणि माशीला नोकरी नव्हती.

पण आबासाहेबांनी शून्यातून धंदा उभा केला होता. ते डोक्यानं मंद नव्हते.

"नळीला टोपी असते ना?" ते म्हणाले. "मग माशी आत गेली कुठनं?"

ते मिस्त्रींकडं वळले.

"मिस्त्री, टोपी घालत होता ना तुम्ही?"

"रोज घालतो."

"मग माशी?"

"माशीचं कॅप्टनना विचारा," खिलारे म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. मूठ तशीच मिटलेली होती. त्यांनी ती उघडली असती तर सगळं तिथंच संपलं असतं. त्यांनी ती माझ्यासाठी मिटून ठेवली होती. मी बोललो नाही तर ते बोलणार नव्हते, असल्या मातीचा तो माणूस होता. आणि हे मला माहीत होतं.

आबासाहेब माझ्याकडं वळले.

"एखाद्या दिवशी राहून जातं," मी म्हणालो. "माणूस आहे."

मोठ्या मनानं माफ केल्यासारखं म्हणालो.

"माझी बहीण होती आत," आबासाहेब मिस्त्रींना म्हणाले. "माझं जाऊ द्या. थोरली बहीण होती. उद्यापासून येऊ नका."

मिस्त्रींनी मान हलवली. हँगरमध्ये गेले. जाताना ज्याचं वाजवायचं टिपरू हिसकावलं होतं त्या हलगीवाल्याला ते परत दिलं.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. पेपरात उदबत्त्यांचा नाही, हार घातलेला फोटो आला होता. मुलाखतीत मला विचारलं, अडचणीच्या प्रसंगी तुम्ही डोकं शांत ठेवलंय असा एखादा अनुभव सांगा. मी हाच सांगितला. माशीसकट. मला घेतलं.

त्या दसऱ्याच्याच संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, मी आपट्याची पानं घेऊन खिलाऱ्यांच्या घरी गेलो. वाटेत मोटरसायकलवर सगळं पाठ केलं होतं. आत जायचं, पाया पडायचं, म्हणायचं मिस्त्री, चूक माझी आहे, आत्ताच्या आत्ता आबासाहेबांकडं जाऊन सांगतो, तुम्ही बरोबर चला. तीन वेळा मोठ्यानं म्हणून बघितलं. चांगलं वाटत होतं.

दार काकूंनी उघडलं.

"अगंबाई, कॅप्टन! थांबा, तसेच थांबा उंबऱ्यात." त्या आत पळाल्या, ताम्हण घेऊन आल्या आणि मला ओवाळायला लागल्या. "मरणाच्या दारातनं परत आलात म्हणे. यांनी सांगितलं सगळं."

"सगळं?"

"मग! म्हणाले, पोरानं नुसत्या आवाजावर विमान उतरवलं. काटा बंद, तरी हात हलला नाही. हवाईदलात असली पोरं दहात एक बघितली म्हणाले. जेवताना दुसरा विषय नाही."

खिलारे आत खाटेवर बसले होते. धुतलेला सदरा, कपाळाला गंध. मी पानं त्यांच्या हातात दिली आणि वाकलो.

"सोनं घ्या, मिस्त्री."

"तुम्हीही घ्या, कॅप्टन," ते म्हणाले. 'तुम्ही' परत आला होता. "बसा. काय म्हणता?"

काकू पुरणपोळीचं ताट घेऊन आल्या आणि समोरच बसल्या. उठेनात.

"काय नाही," मी म्हणालो. "सहज."

"खा."

मी खाल्लं. दोन पोळ्या खाल्ल्या. काकू तूप वाढत राहिल्या, आणि आमचे हे कसे कुणाचं कौतुक करत नाहीत, मुलाचंसुद्धा कधी केलं नाही, असं सांगत राहिल्या. मी दर घासाला ठरवत होतो, हा गिळला की बोलायचं.

"बरं झालं तुम्ही आलात," काकू म्हणाल्या. "यांना दुपारपासून विचारतेय, धड सांगेनात. उद्या जायचं किती वाजता? डबा कधी करू?"

मी मिस्त्रींकडं बघितलं. त्यांनी तिला सांगितलं नव्हतं.

ते आपट्याच्या पानाची घडी घालत होते. मधून दुमडलं, नीट दाबलं.

"त्यांनाच विचार," ते म्हणाले. "ते ठरवतील."

मग वर बघितलं. रागानं नाही. दुपारी रेडिओवर 'मी इथंच आहे' म्हणताना त्यांचा चेहरा असाच असणार.

आबासाहेबांचा बंगला तिथून पाच मिनिटांवर होता. ते घरीच होते. दिवाणखान्यात बसून लोकांना सोनं देत होते, आणि येणाऱ्या प्रत्येकाला माझं नाव सांगत होते.

"नेहमीच्याच वेळेला, काकू," मी म्हणालो.

"म्हणजे साडेसहाला भरते," त्या म्हणाल्या. "तुमच्याही दोन पोळ्या जास्त टाकते."

खिलाऱ्यांनी मान हलवली, एकदाच. दारापर्यंत सोडायला आले. "सावकाश जा," म्हणाले.

मोटरसायकल काढली. गल्ली संपते तिथं मोठा रस्ता लागतो. डावीकडं आबासाहेबांचा बंगला, उजवीकडं माझी खोली. मी डावीकडचा इंडिकेटर दिला. बराच वेळ तो टिकटिक करत राहिला. मग मी उजवीकडं वळलो.

मागून येणारा स्कूटरवाला जेमतेम वाचला. पाय टेकवून थांबला आणि त्यानं मला आईवरून शिव्या घातल्या. त्या अख्ख्या दिवसात मला कुणी दिलेल्या तेवढ्याच.